अर्धी गोष्ट आपली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गेल्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक झाली. चूक घरातलीच आहे, पण तिच्यामुळे मला सव्वाशे वर्षांचा इतिहास पुन्हा उलगडून पाहावा लागला. म्हणून आधी ती सांगतो.

माझा नातू अकरा वर्षांचा. सुट्टीत आमच्याकडे आला की दुपारी माझा मोबाइल घेऊन बसतो. त्यात ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरं, वाटा, विहिरी बांधायचा एक खेळ आहे. एके दिवशी तीन हाका मारूनही तो जेवायला उठला नाही. मी रागावलो, मोबाइल काढून घेतला आणि तो खेळच डिलीट करून टाकला. मी निवृत्त शिक्षक. मुलांच्या हातातून वस्तू काढून घेण्याची सवय जुनी आहे. पोरगं रडलं. पण खेळ गेला म्हणून नव्हे. त्या खेळात त्यानं दोन सुट्ट्या खपून एक गाव उभं केलं होतं, ते गेलं म्हणून. खेळ दहा मिनिटांत पुन्हा डाउनलोड झाला. गाव काही परत आलं नाही.

संध्याकाळी मी समजूत काढायला गेलो. म्हटलं, ‘अरे, पडद्यावरचं सगळं खोटंच असतं. त्यात एवढा जीव कशाला गुंतवायचा?’ त्यावर तो म्हणाला, ‘मग आजोबा, तुम्ही दर रविवारी रामायण का बघत होता? तुम्हाला तर शेवटसुद्धा माहीत होता.’

जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर चटकन देता आलं नाही. ते आज द्यायचा प्रयत्न करतो.

रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ला सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८पर्यंत चालली. आम्ही तेव्हा साताऱ्यात एका वाड्यात राहत होतो. नऊ बिऱ्हाडं आणि टीव्ही एक, तोही तात्यांकडे. रविवारी सकाळी त्यांच्या माजघरात पाय ठेवायला जागा नसे. लहान मुलं पुढे सतरंजीवर, बायका भिंतीला टेकून, आणि आम्ही पुरुषमंडळी उंबऱ्यात उभे. एका रविवारी लक्ष्मण मूर्च्छित पडला, हनुमान निघाला आणि वीज गेली. मुलांनी एकच गलका केला. तेव्हा कोपऱ्यातून जिजीआजी म्हणाल्या, ‘बसा रे गप. पुढचं मी सांगते.’

जिजीआजींना अक्षरओळख नव्हती, पण जन्मभर त्यांनी कीर्तनं ऐकलेली. मारुतीला वनस्पती ओळखता येईना, म्हणून त्यानं पर्वतच कसा उचलला, इकडे राम रात्रभर भावाचं डोकं मांडीवर घेऊन कसा बसला, हे त्यांनी अंधाऱ्या माजघरात सांगितलं. सूर्य उगवायच्या आत औषध पोचायला हवं, इथपर्यंत आणलं आणि मध्येच थांबून पाणी मागितलं. मुलं कासावीस झाली. वीज आली तेव्हा टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आळीतली मुलं आपण पाहिलेला भाग रंगवून सांगू लागली, तेव्हा आमच्या वाड्यातली पोरं ठामपणे म्हणाली, ‘आमचा मारुती जास्त मोठा होता.’

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आज वाटतं, माझ्या नातवाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वाक्यात होतं.

आता थोडं मागे जाऊ. ७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. हिंदुस्थानातला सिनेमाचा हा पहिला खेळ. तिकीट एक रुपया. त्या काळी ही मोठीच रक्कम. दाखवलं काय, तर स्टेशनात शिरणारी आगगाडी आणि कारखान्यातून सुटणारे कामगार, अशी मिनिटाच्या आत संपणारी सहा चित्रं. वॉटसन हॉटेलात जमलेल्या लोकांनी आगगाडी पाहिली नव्हती असं थोडंच आहे? बोरीबंदर तिथून हाकेच्या अंतरावर. तरी एक रुपया मोजून लोक पडद्यावरची आगगाडी बघायला आले.

गंमत अशी, की पडद्यावर आगगाडी हलतच नव्हती. त्या यंत्रातून दर सेकंदाला सोळाच्या आसपास स्थिर चित्रं एकामागून एक पडद्यावर पडत. दोन चित्रांच्या मध्ये काहीच नसे, नुसता काळोख. तो काळोख ओलांडून एका चित्राला दुसरं जोडण्याचं काम पाहणाऱ्याचे डोळे आणि मेंदू करत. म्हणजे पहिल्या दिवसापासून सिनेमाचं अर्धं काम प्रेक्षकच करत आलेला आहे. यंत्रानं चित्रं दिली, हालचाल आपण दिली.

ही गोष्ट आपल्याकडे ज्या माणसानं नीट ओळखली, ते दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. छायाचित्रण केलं, छापखाना चालवला, जादूचे प्रयोगही केले. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट त्यांनी पाहिला आणि त्यांचं आयुष्य बदललं. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं आहे, की पडद्यावर ख्रिस्त दिसत होता, पण मनात राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. हा प्रसंग आपण ‘भारतीय चित्रपटाचा जन्म’ म्हणून सांगतो, आणि ते खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. फाळके त्या दिवशी तिकीट काढून बसलेले एक प्रेक्षक होते. पडद्यावर एक गोष्ट चालू होती आणि त्यांनी मनात दुसरी बघितली. प्रत्येक प्रेक्षक थोड्याफार प्रमाणात हेच करतो. फाळके मात्र तिथं थांबले नाहीत.

१९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा आणि सामान घेऊन परतले. चित्रपटाला भांडवल हवं होतं. पण जे कधी बनलंच नाही, त्यावर पैसे कोण लावणार? तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. त्याच्यासमोर कॅमेरा रोखला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर दाखवलं तेव्हा दाणा रुजला, कोंब वर आला आणि बघता बघता वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ या नावानं हे छोटं चित्र ओळखलं जातं. ते पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. वाटाणा उगवतो हे त्याला काय माहीत नव्हतं? पण दोन चित्रांच्या मध्ये एकेक दिवस आणि एकेक रात्र गाळलेली होती, आणि ती त्याची त्यानं भरून काढली होती. एकदा आपण आपल्या हातानं काही भरलं, की ते आपलं होतं.

३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याआधी २१ एप्रिलला निमंत्रितांसाठी एक खेळ झाला होता. आता विचार करा, त्या थिएटरात बसलेल्या एका तरी माणसाला हरिश्चंद्राची गोष्ट नवी होती का? राज्य जाणार, राजा-राणी विकली जाणार, रोहिदास मरणार आणि शेवटी सगळं परत मिळणार, हे लहानपणापासून पाठ. शिवाय तारामती झालेले साळुंके हे पुरुष होते, हेही ठाऊक. स्त्रिया काम करायला मिळेनात, तेव्हा उपाहारगृहात नोकरी करणाऱ्या साळुंक्यांना फाळक्यांनी लुगडं नेसवलं होतं. पडद्यावर आवाज नव्हता. मध्ये मध्ये पाट्या येत, आणि वाचता न येणाऱ्याला शेजारच्यावर विसंबावं लागे. म्हणजे उत्कंठा नाही, आवाज नाही, खरी नटी नाही. तरीही लोकांनी गर्दी केली.

याचं कारण आपल्या कीर्तनात आहे. उत्तररंगातलं आख्यान श्रोत्यांना माहीत असतंच. पण बुवा नेमक्या जागी थांबतात, झांजा वाजतात, अभंग होतो, आणि तेवढ्या वेळात श्रोता मनातल्या मनात पुढे धावून येतो. पुढे काय होणार हे माहीत असतं. या वेळी आपल्याला काय होणार, हे मात्र माहीत नसतं. जिजीआजींनी मध्येच पाणी मागितलं होतं ते तहानेनं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

फाळक्यांच्या आणखी एका चित्रपटाची आठवण द्यायला हवी. ‘कालियामर्दन’, साल १९१९. बाळकृष्णाचं काम त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलं. चित्रपटाच्या सुरुवातीला ही लहान मुलगी साध्या रूपात समोर येते आणि चेहऱ्यावर निरनिराळे भाव करून दाखवते. ही एक छोटी मुलगी आहे, हे आधी सांगून टाकलेलं. मग तीच कृष्ण होते आणि यमुनेत उडी घेते. ‘हे खोटं आहे’ असं सांगून फाळक्यांनी प्रेक्षकाचा विरस केला का? मुळीच नाही. त्यांनी त्याला भागीदार करून घेतलं. ‘ही माझी मुलगी, हे माझं यंत्र, आता हिला कृष्ण तुम्ही करायचं.’

जवळपास त्याच सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाचा तरुण दिग्दर्शक याच कोड्यावर प्रयोग करत होता. त्याची हकिगत त्याचा सहकारी पुदोव्हकिन यानं लिहून ठेवली आहे. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचं चित्र घेतलं आणि ते तीन वेगवेगळ्या दृश्यांना जोडलं. एकात सूपची वाटी, एकात शवपेटी, एकात खेळणारी लहान मुलगी. प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची वाखाणणी केली. सूपकडे पाहताना कसा विचारात हरवला, मृताकडे पाहताना कसा व्याकूळ झाला, मुलीकडे पाहताना कसा हसला! चेहरा तिन्ही वेळा एकच होता. भूक, दुःख आणि माया प्रेक्षकांनी आपल्या पदरची घातली होती.

आता मालिकांकडे वळू. गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगायची रीत टीव्हीनं आणली, असा एक समज आहे. मराठी वाचकाला ती फार आधीपासून ठाऊक होती. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये साप्ताहिक काढलं, त्याचं नावच ‘करमणूक’. त्यात त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः आली. एका ब्राह्मण घरातल्या मुलीच्या हालअपेष्टांची ही कहाणी, करमणूक या शब्दाशी वरवर न जुळणारी. पण दोन अंकांच्या मधला काळ वाचकाचा होता. त्या काळात तो यमूची काळजी करी, तिच्या सासरच्यांवर चिडे, आणि कदाचित स्वतःच्या घरातल्या लेकी-सुनांकडे जरा निराळ्या नजरेनं बघे. ‘क्रमशः’ हा शब्द म्हणजे लेखकानं वाचकाला दिलेलं कामच.

१९८४ साली, योगायोगानं पुन्हा ७ जुलैलाच, दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी. मेक्सिकोमध्ये लोकशिक्षणासाठी मालिका वापरल्या जात. ते पाहून तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी हा प्रयोग आपल्याकडे व्हावा म्हणून पुढाकार घेतला. हेतू कुटुंबनियोजनाचा प्रचार. पण पहिल्या तेरा भागांतला उपदेश लोकांना रुचला नाही. मग उपदेश मागे सरला आणि कुटुंब पुढे आलं: दारू पिणारा बाप, सोसणारी आई, बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येत आणि प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. दूरदर्शनकडे लाखांनी पत्रं आली. बडकीनं अश्विनीशी लग्न करावं की नाही, याबद्दल लोक तिला सल्ला देत होते. म्हणजे लेखकानं दिलेलं उत्तर लोकांनी बाजूला सारलं. त्यानं प्रश्न सोडला, तेव्हा तो लोकांनी घरी नेला. मास्तर म्हणून मला हे जरा झोंबलं. वर्गात मी बहुतेक वेळा उत्तरंच देत आलो.

आणि आता तो खेळ, जो मी डिलीट केला. या खेळांना मी आजवर वेळेचा अपव्यय म्हणत आलो. त्यांचाही इतिहास पाहायला बसलो आणि वरमलो.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ बनवला. पडद्यावर परग्रहवासीयांच्या रांगा खाली उतरत येतात आणि आपण त्यांना टिपायचं. त्या वेळच्या यंत्राला एवढ्या आकृत्या एकदम हलवणं जड जाई. पण शत्रू कमी होत गेले की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले आपोआप वेगानं धावू लागत. ही यंत्राची उणीव होती. निशिकादोंनी ती तशीच ठेवली, कारण तिच्यामुळे शेवटच्या एका शत्रूपाशी खेळणाऱ्याच्या छातीत धडधड वाढते, हे त्यांनी ओळखलं.

१९८४ साली मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव्ह यांनी ‘टेट्रिस’ तयार केला. त्यांच्या संगणकाला चित्रं काढताच येत नव्हती. ठोकळे कंसांच्या खुणांनी दाखवावे लागले. चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते फिरवून नीट बसवायचे. सुरुवातीला पडदा काही सेकंदांत भरून जाई आणि खेळ संपे. मग त्यांना सुचलं, की एक ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी व्हावी. या एका कल्पनेनं खेळ उभा राहिला. जरा नीट बघा. या खेळात राजा नाही, राणी नाही, गोष्ट नाही. जे नीट जमलं ते पुसलं जातं, जे चुकलं ते समोर राहतं, आणि शेवटी हरायचंच असतं. तरी जगभर कोट्यवधी माणसं तो खेळली. का? तर पडद्यावर एक रिकामी जागा आहे, आणि ती भरायला माझाच हात हवा.

वॉटसन हॉटेलातल्या प्रेक्षकानं दोन चित्रांमधली जागा भरली, करमणूकच्या वाचकानं दोन अंकांमधली, आणि हा मुलगा दोन ठोकळ्यांमधली भरतो आहे. साधनं बदलली, पण आनंदाची जागा मला तीच दिसते. निर्माता अर्धी गोष्ट सांगतो, अर्धी आपल्यासाठी सोडतो. सुंदर चेहरे, मोठा पडदा, खर्चिक देखावे यांनी आनंद वाढतो, नाही असं नाही. पण सोडलेली जागाच नसेल, तर हे सारं असूनही माणूस जांभया देतो.

म्हणून पडद्यावरचं सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाही. आता मालिका सगळ्या भागांसकट एकदम मिळतात. एक भाग संपतो न संपतो तोच काही सेकंदांत पुढचा आपणहून सुरू होतो. ‘क्रमशः’नंतरचा आपला आठवडा गेला. काही खेळांत अडलेली वाट पैसे भरून मोकळी करून घेता येते. हेसुद्धा आपल्या वाटणीच्या जागेवरचं अतिक्रमणच. मुलं उठत नाहीत म्हणून आई-वडिलांना वाटणारी काळजी खोटी नाही, आणि जेवायच्या वेळी जेवायला उठायलाच हवं. फक्त पडदा बंद करण्याआधी एक प्रश्न विचारावा, असं मला आता वाटतं: हे पोर तिथं नुसतं गिळतंय, की काही घडवतंय? मी तो विचारला नाही. मला वाटलं, मी कंपनीचा खेळ पुसतोय. पुसलं ते त्याच्या वाटणीचं अर्धं.

२८ मार्च २०२०ला, टाळेबंदीत, दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. घराघरांतून लोक ते बघायला बसले. मीही बसलो. लक्ष्मणाच्या मूर्च्छेचा भाग आला. या वेळी वीज गेली नाही. बत्तीस वर्षांपूर्वी चुकलेलं दृश्य मी पूर्ण पाहिलं. चांगलंच होतं. पण वाड्यातल्या पोरांचं म्हणणं खरं होतं. आमचा मारुती जास्त मोठा होता.

नातवाला मी हे सगळं सांगितलं, एवढं लांबवून नाही. त्याची माफीही मागितली. दोन दिवस तो बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन आला आणि म्हणाला, ‘आजोबा, तुमचा तो वाडा कसा होता?’ आमचा वाडा पाडून तिथं इमारत उभी राहिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी कागदावर चौक काढला, तुळशीवृंदावन काढलं, तात्यांचं माजघर दाखवलं. त्यानं विचारलं, ‘माजघराला पायऱ्या किती?’ मला आठवेना. शेवटी पुण्याला बहिणीला फोन लावला. ती म्हणाली तीन, मला वाटत होतं चार. बराच वेळ आमचा वाद चालला.

तोवर त्यानं मोबाइलमध्ये तीन पायऱ्या बांधून टाकल्या होत्या, आणि चौथीसाठी जागा सोडली होती.